कपाटात नसलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. नवनगरातल्या एका पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला, मोडक्या सायकलींना टेकवून मला ठेवलंय. जरा वारा सुटला की माझी दारं आपटतात. गंजलंय, भंगारात घाला, असं येणारेजाणारे म्हणतात. गंज आहेच, नाही कोण म्हणतंय? पण तुम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली, त्या सुमारास हुबळीच्या एका लोहारानं मला घडवलं आणि ठाण्यात आणून उभं केलं. काम मानाचं होतं. बायकांच्या वाटेला जाणाऱ्या गुन्हेगारांची कार्डं माझ्या पोटात असत. कार्डावर फोटो, अंगठ्याचा ठसा, अंगावरच्या खुणा आणि गुन्हा करायची तऱ्हा. कलघटगीच्या बाजारात पत्ता विचारायचं निमित्त करून बाईला आडबाजूला नेणारा एक नग होता. पुढं धारवाडात मळमड्डीला कुणीतरी तेच केलं, तेव्हा साहेबांनी माझ्यातलं कार्ड काढलं आणि तो सापडला. साहेबांनी माझ्या दारावर थाप मारली. मग काय, मला ताठा चढला. गावातली सगळी घाण आपल्याला ठाऊक, असं मला वाटू लागलं.

आणि मग ती आली. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, शेवंता म्हणू या. कापसाच्या गिरणीत कामाला होती. गोदामात एकटीला गाठून मुकादम परशुरामनं तिच्यावर बळजबरी केली होती. सोबत गिरणीतलीच पारूबाई होती.

फौजदारांनी माझं दार उघडलं, कार्डं चाळली. "परशुरामच्या नावावर एक चिठोरंसुद्धा नाही," ते म्हणाले. "हा बघ सटवाजी. गिरणीजवळच सायकली दुरुस्त करतो. आधी असल्याच गुन्ह्यात शिक्षा भोगलीय."

सटवाजीला दुकानातून उचलून आणलं. तो भिंतीला लागून उभा राहिला.

"ह्यो न्हवं, साहेब," शेवंता म्हणाली. "मी मुकादमाचं नाव सांगतेय न्हवं?"

"भेदरलीस तू. नीट आठव. ह्याचं नाव घेतलंस तर खटला उभा राहील. मुकादमाविरुद्ध काय आहे आमच्याकडं?"

ती दमून हो म्हणाली असती तर निर्दोष माणूस तुरुंगात गेला असता आणि परशुराम दुसऱ्या दिवशी गिरणीत हजर. आणि साक्ष कुणाची? माझी. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

तेवढ्यात पारूबाई हवालदार बाळाप्पाकडं वळली. बाळाप्पा अळणावरकडचा, त्या ठाण्यातला जुना माणूस.

"अण्णा, मागं मी आले होते की ह्याच परशुरामाचं सांगायला. माझा कागद काढा."

बाळाप्पानं मान खाली घातली. तेव्हा ठाण्यात एक रीत होती. बाईची अशी तक्रार आली की गल्लीतली चार वडीलधारी माणसं बोलवायची. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला तिच्या हातात नारळ आणि खण ठेवायला लावायचं, सगळ्यांनी चहा प्यायचा, की विषय मिटला. कागद करायचा नाही. बाईचीच अब्रू राखली म्हणून सगळे समाधानानं घरी जायचे.

"कागद नाही, अक्का," बाळाप्पा म्हणाला. "नारळ मीच आणला होता."

"तो नारळ मी फोडला नाही, अण्णा. तसाच वाळून गेला."

फौजदारांनी सटवाजीचं कार्ड परत माझ्यात ठेवलं. मग त्यांनी त्याला जायला सांगितलं आणि शेवंतानं सांगितलं तसंच्या तसं लिहून घेतलं. ती उठली. पारूबाई मात्र बाकावरून हलेना.

"माझं राहिलंय," ती म्हणाली.

बाळाप्पानं पेन उचललं. खटला चालला, दोघींनी साक्ष दिली, परशुरामला शिक्षा झाली. सटवाजी सुटला खरा, पण पोलीस त्याला नेताना साऱ्या गल्लीनं पाहिलं होतं. त्याच्याकडं पंक्चर काढायलाही कुणी येईना. शेवटी तो गाव सोडून गेला. त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पुढं संगणक आले आणि मला मागं टाकलं. टाकेनात का. पण मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या खाकी घालेल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. नोंद कामाची असते, मी स्वतः पाहिलंय. पण नोंद नाही म्हणून कुणी सज्जन ठरत नाही, आणि नोंद आहे म्हणून दर वेळी तोच ठरत नाही. जी सांगायला आलीय तिचं आधी ऐका, आणि ऐकलेलं लिहा. नारळ देऊन परत पाठवू नका.

शिक्षेनंतर परशुरामचं कार्ड तयार झालं, त्या दिवशी पारूबाई मुद्दाम ठाण्यात आली होती. "माझ्यादेखत आत ठेवा, अण्णा," म्हणाली. बाळाप्पानं ठेवलं. मग तिनं स्वतःच्या हातानं माझं दार लावलं, आणि नीट लागलंय ना, म्हणून एकदा ओढून पाहिलं.