थेट पुस्तकांकडे

मित्रांनो, मी एक जुना दुवा, म्हणजे 'लिंक' आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पानाच्या अगदी सुरुवातीला मी उभा असतो, तरी तुम्ही मला पाहिलं नसेल. डोळ्यांनी वाचणाऱ्यांना मी दिसतच नाही. जे कानांनी वाचतात, त्यांना मात्र मी सर्वांआधी भेटतो आणि म्हणतो, "थेट पुस्तकांकडे."

हे संकेतस्थळ तेव्हा बनवणाऱ्या एका भाचीने मला आपल्या मावशीसाठी घडवलं. मावशीची दृष्टी गेली होती. वाचनाचं वेड कुठे जाणार? संगणक तिला पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवी. पण दर पानावर आधी तेच पुराण: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, इतिहास, छायाचित्रे...

"एक कादंबरी मागायची, तर आधी ग्रंथालयाची वंशावळ ऐकायची का गं?" मावशी कुरकुरली.

म्हणून मी आलो: माझ्यावर कळ दाबली की ती सगळी यादी ओलांडून थेट पुस्तकांपाशी. मावशीने कळ दाबली, पान सर्रकन खाली सरकलं. आवाज मात्र पुन्हा म्हणाला, "आमच्याविषयी"!

"सरकलं की, मावशी!"

"तुझ्या डोळ्यांसाठी सरकलं, बाई. मी आहे तिथेच आहे."

भाचीने जीभ चावली आणि आवाजालाही सोबत न्यायला मला शिकवलं. मग कितीतरी वर्षं मी मावशीला पुस्तकांपाशी पोहोचवलं. ती मला लाडाने 'वाटाड्या' म्हणे.

पुढे संकेतस्थळ नव्याने सजलं. सजवणारा मोठा हौशी. "हा दिसतच नाही, मग हवा कशाला?" असं म्हणून त्याने मला बंद करून ठेवलं.

मावशी संकेतस्थळावर आली, यादी ऐकून ऐकून दमली. शेवटी भाचीला म्हणाली, "यापुढे माझी पुस्तकं तूच निवडत जा. मला नाही जमायचं."

मित्रांनो, मावशीने आजवर आपलं पुस्तक दुसऱ्या कुणाला निवडू दिलं नव्हतं. मला गलबलून आलं.

भाचीने सजवणाऱ्याला संगणकापुढे बसवलं आणि पडदा बंद केला. "आता एक पुस्तक मागवून दाखवा."

तो ऐकत राहिला. "अहो, हे संपणार कधी?"

"संपेल की. पुढच्या पानावर पुन्हा सुरू होईल."

तो ओशाळला. त्याने मला जागेवर आणलं आणि डोळे मिटून स्वतः तपासलं.

दुसऱ्या दिवशी मावशीने कळ दाबली. "आलास का रे गुलामा? कुठे उलथला होतास?" मग भाचीला फोन करून म्हणाली, "राहू दे गं, माझं मी मागवलं."

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशी पानं बनवाल. ती नुसती पाहू नका, पडदा बंद करून एकदा ऐकाही. आणि माझ्यासारखं न दिसणारं काही सापडलं, तर पुसण्याआधी एवढंच विचारा, "हे कुणाच्या उपयोगाचं आहे?"