माझीही सिगारेट सुटली

मी रेडिओ बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा, तेव्हा ऐका.

लाकडी पेटी, हस्तिदंती रंगाची बटणं, असा देखणा मी या घरात आलो. मला विकत घेणारे गृहस्थ छापखान्यात प्रूफं तपासायचे. घरी आले की माझ्याशेजारी खुर्ची ओढायचे आणि सिगारेट पेटवायचे. बातम्या मी सोडायचो, धूर ते. बत्तीस वर्षांत माझी बटणं पिवळी पडली, काच चहाच्या रंगाची झाली. आवाज वाढवायला गेलं की मी खरखरायचो. "याला काय झालंय?" असं विचारून ते स्वतःच खोकत बसायचे.

शेवटी डॉक्टरांनी दम भरला. सिगारेट बंद!

"मग या पेटाऱ्याचीही सोडवा," त्यांची बायको म्हणाली. "जवळ गेलं तरी वास मारतो."

जावईबापू थिनर घेऊन हजर. "आई, एका हातात चकाचक करतो!" फडकं लागताच माझं एक बटण मऊ पडलं आणि जावईबापूंचा अंगठा त्यावर कायमचा उमटला.

मुलगी प्रयोगशाळेत कामाला. तिने नवऱ्याच्या हातातून बाटली काढून घेतली. "आधी न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून बघायचं असतं, कळलं?" तिने माझा प्लग काढला, खिडक्या उघडल्या. पेटीला आणि बटणांना साबणाचं कोमट पाणी, तेही घट्ट पिळलेल्या फडक्याने. अल्कोहोलने पॉलिश उतरलं असतं. काचेला मागून नुसता मऊ ब्रश, कारण आकडे तिथेच छापलेले. आतल्या धातूच्या भागांना तेवढं आयसोप्रोपिल अल्कोहोल.

अल्कोहोलची ती बाटली उघडी असतानाच बाबा सवयीने येऊन बसले. खिशातून चोरून ठेवलेली सिगारेट निघाली. मग काडेपेटी. मी ओरडणार कसा? प्लग काढलेला! आयुष्यभर नको तेव्हा बडबडलो, आणि आता तोंड बंद.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अगं, काडेपेटी वाजली!"

मुलीने झडप घातली. "बाबा! याची वाफ पेट घेते. घरासकट गेलो असतो सगळे!"

बाबा ओशाळले. समोर वर्तमानपत्रावर कापसाचे तपकिरी बोळे पडले होते.

"हे सगळं माझं?"

"हे याच्या आतलं," ती हळूच म्हणाली. "तुमच्या आतलं मला पुसता येत नाही."

बाबांनी सिगारेट मोडून त्या बोळ्यांत टाकली.

आता आम्ही दोघंही कमी खोकतो. मंडळी, माझ्याजवळ खुशाल बसा, फक्त काही पेटवू नका. बातम्या पूर्वीइतक्याच वाईट असतात. पण आता स्वच्छ ऐकू येतात.