आरशावरची पणजी

आरसा भाचीच्या हवाली करताना आत्याने एकच बजावलं होतं, वरच्या पणजीला धक्का लागता कामा नये. भाचीचा धंदाच जुनं फर्निचर दुरुस्त करायचा, तिला हे सांगायची गरज नव्हती. पण आत्याला कोण अडवणार? चौकटीच्या माथ्यावरचा सोनेरी चेहरा म्हणजे आत्याची पणजी, चौकट घडवणाऱ्या पणजोबांनी स्वतः कोरलेली. घरात सगळ्यांची नाकं चाफेकळी, आत्याचं तेवढं पोपटाच्या चोचीसारखं. लहानपणी भावंडं चिडवायची, तुला कुठून तरी उचलून आणलंय. तेव्हापासून ती आरशावरच्या पणजीच्या तशाच नाकाकडे बोट दाखवून सगळ्यांची तोंडं बंद करत आली होती.

भाचीने रंग उतरवायला घेतला. दर पिढीने हौसेने फासलेला, थरांवर थर. वेणीवरचा रंग निघाला आणि वेणीला डोळे दिसले. आता वेणीला कुठले आलेत डोळे! आणखी खरवडलं तर डोकंभर साप. ही कसली पणजी, ही तर ग्रीक पुराणातली बाई, जिच्याकडे बघितलं की माणसाचा दगड व्हायचा. आरशावर बसवायला हिच्याहून बरी कुणी मिळाली नव्हती का? जुन्या कपाटांवर भाचीने अशी डोकी ढिगाने पाहिली होती. साच्यात लगदा दाबला की झाली तयार. आत्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण हात काही थांबेना, चेहऱ्याखाली काय आहे ते बघायचंच होतं. कपाळ लगद्याचं, गाल लगद्याचे. नाकाशी आली आणि खाली लाकूड निघालं. तिने भिंग लावलं, नाक बाजूने पाहिलं आणि स्वतःशीच हसली.

आत्या आली. सापांचं सगळं ऐकून घेतलं आणि स्टुलावर टेकली.

"म्हणजे मी उचलून आणलेलीच," ती म्हणाली.

भाचीने तिचं बोट धरून त्या नाकावर ठेवलं. "हे साच्यातलं नाही, आत्या. साच्यातलं मोडलं असणार. चौकटीच्याच लाकडाचं नवं कोरून बसवलंय. साच्यातली नाकं सरळ असतात. हे कुणाला तरी समोर बसवून कोरलंय."

आत्याने नाकावरचा उंचवटा चाचपला. मग स्वतःचा. पुन्हा लाकडाचा. डोळे पुसले आणि उठली.

"साप रंगवून टाक," ती म्हणाली. "नाक तसंच राहू दे."