मुद्दाम हळू

तिसऱ्यांदा मानेचा फोटो काढायला बोलावलं, तेव्हाच तोमासीच्या मनात पाल चुकचुकली. मान दुखत नव्हती. गुडघा दुखायचा, पण तो तर बारा वर्षं दुखत होता आणि त्याचं कौतुक कधी कुणाला नव्हतं. आता एकाएकी सगळ्यांना त्याच्या हाडांचा पुळका आला होता. आधी गुडघा तपासला, मग खांदा, मग मान, मग पुन्हा मान. त्याच्या रग्बी क्लबचा फिजिओ म्हणजे एरवी बर्फाची पिशवी लांबून अंगावर फेकणारा माणूस. तोही हल्ली "तोमासी, बस ना जरा, पाणी आणू का?" असं विचारायला लागला. हे लाड काही धड नव्हते.

"तुझ्यात काहीतरी मोडलेलं सापडेपर्यंत ही मंडळी गप्प बसायची नाहीत," ब्रेंट डगन बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला. ब्रेंट हा संघातला दुसरा प्रॉप, म्हणजे तोमासीसारखाच पुढच्या फळीत धडका देणारा गडी. आठ वर्षं दोघांनी खांद्याला खांदा लावून स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या रेटारेटीत, डोकं घातलं होतं. "सापडत नसेल तर तूच मोडून घे बाबा काहीतरी. सुटतील बिचारे एकदाचे."

सगळे हसले. तोमासीही हसला. पण ब्रेंटने हसताना वर पाहिलं नाही.

भानगड काय होती ते कॉलर्टनमधल्या केस कापणाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. क्लबने सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला किती पगार द्यायचा, याला लीगने मर्यादा घातलेली. तिला सगळे कॅप म्हणतात. कॅप म्हणजे कॅप, एक डॉलर वर गेला तरी गुण कापतात. आणि क्लबने टाउन्सव्हिलचा एकवीस वर्षांचा हाफबॅक, म्हणजे डाव आखणारा खेळाडू, जेट मॅलोरी, गाजावाजा करून घेऊन ठेवला होता. पेपरात फोटो आला, पोरांच्या अंगावर त्याच्या नावाच्या जर्सी आल्या. फक्त त्याचा पगार बसवायला कॅपमध्ये जागा नव्हती. तोमासीच्या करारात अजून दोन वर्षं होती. त्याला काढून टाकलं, तरी त्याचा पगार कॅपमध्ये मोजला जाणार. पण डॉक्टरने लिहून दिलं की हा माणूस आता खेळू शकत नाही, तर त्याचा पगार कॅपमधून अलगद बाहेर. मग जेट आत. नोव्हेंबर संपत आला होता आणि लीगला यादी द्यायला दोनच आठवडे उरले होते.

मंगळवारी गार्थ पेलोने त्याला वर बोलावलं. गार्थ हा क्लबचा व्यवस्थापक. त्याची खोली क्लबच्या जुगाराच्या यंत्रांच्या बरोबर वर, त्यामुळे तिथे बसलं की पायाखालून दिवसभर टिंगटिंग ऐकू येते. गार्थच्या तोंडात कायम साखर.

"मान शाबूत. खांदा शाबूत. घोडा आहेस लेका तू घोडा," तो म्हणाला.

"मग झालं तर. निघू मी?"

"डोकं राहिलं, मित्रा."

त्याने एक कागद पुढे सरकवला. त्यावर आठ आकडे होते, आठ जानेवारींचे.

दर जानेवारीत, मोसम सुरू व्हायच्या आधी, सगळ्या खेळाडूंना संगणकापुढे बसवतात. पडद्यावर खेळातला पत्ता दिसला की बटण दाबा, शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा. जो आकडा येईल तो तुमच्या डोक्याचा नेहमीचा आकडा. मग सामन्यात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच चाचणी. जानेवारीच्या खाली घसरलात तर घरी बसा, नाही घसरलात तर पुढच्या शनिवारी मैदानात. पहिल्या वर्षी तोमासी चर्चमध्ये बसावं तसा बसला आणि शंभरात एक्क्याण्णव घेऊन आला. तेव्हा डेल क्रचली नावाच्या म्हाताऱ्या प्रॉपने कपाळावर हात मारून घेतला होता. "अरे येड्या, एवढा हुशार कुणी व्हायला सांगितलं होतं तुला? टक्कर बसल्यावर एक्क्याण्णव कुठून आणशील? जानेवारीत मुद्दाम हळू दाबायचं. मठ्ठ दिसायचं. मग वर्षभर कुणी हात लावत नाही."

तोमासीने ते ऐकलं. पुढच्या जानेवारीत अडुसष्ट. मग सहासष्ट, सदुसष्ट, त्रेसष्ट. पहिली दोन वर्षं सोंग करताना त्याला घाम फुटायचा. शब्द आठवत असूनही गिळून टाकायचे, बटणावर बोट धरून मनात दोनपर्यंत मोजायचं. अलीकडे तेवढी मेहनत पडत नव्हती. हात बसला आपला, असं त्याला वाटायचं.

"यंदा सत्तावन्न," गार्थ म्हणाला. "माझी आई ब्याऐंशीची आहे, तोमासी. ती याहून जास्त आणेल. आम्हाला तुझी काळजी वाटते."

काळजी! टेबलाच्या कोपऱ्यात जेट मॅलोरीचा हसरा फोटो होता, आणि हा गृहस्थ काळजी म्हणत होता. पण तोमासीला रागाऐवजी हसू आलं. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं. एवढंच होय!

"गार्थ, मी ते मुद्दाम केलंय."

"काय मुद्दाम?"

"हळू दाबलं. दरवर्षी. सगळेच दाबतात. दंड करायचा तर कर. पण माझं डोकं ठणठणीत आहे."

गार्थने तो कागद परत आपल्याकडे ओढला. खाली कुणाचं तरी यंत्र जिंकलं असावं, घंटा वाजत होत्या.

"नक्की मुद्दाम ना?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात साखर नव्हती.

"आईशप्पथ."

"ठीक. शहरात डॉक्टर एलिंगटन म्हणून बाई आहेत. लीगच्या आहेत, आमच्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी जा आणि या वेळी नीट दाब. पंच्याहत्तर आण, दोन वर्षं तुझं नाव कुणी काढणार नाही. नाही आलं, तर सही कर. शाळाशाळांतून फिरून पोरांना भाषणं द्यायची नोकरी देतो."

"माझी जर्सी धुऊन ठेवा," तोमासी म्हणाला आणि जिना उड्या मारत उतरला.

घरी बायकोला, लेसिएलीला, सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ती वृद्धाश्रमात कामाला. दिवसभर म्हाताऱ्यांना उठवून, पुसून, भरवून आलेली असायची. तिने ऐकून घेतलं. त्याला वाटलं होतं ती हसेल, निदान लबाड म्हणून चापट तरी मारेल.

"मग मुद्दाम नाही दाबलं, तर किती येतं?" तिने विचारलं.

"एक्क्याण्णव."

"ते आठ वर्षांपूर्वी, तोमासी."

"डोकं तेच आहे ना गं!"

 घातलेलीच घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

हिवाळ्यापासून गाडी तीच चालवत होती. तिला नव्या गाडीची हौस आली, असं तोमासी मित्रांना सांगायचा. फ्रिजच्या दारावर तिने कागद चिकटवले होते: गॅस, नळ, किल्ली. वृद्धाश्रमाची सवय घरी आणते, म्हणून तो तिला चिडवायचा.

रविवारी चर्चमध्ये तोमासी पुरुषांच्या रांगेत उभा राहून गायला. पुस्तक उघडलं नाही. पाचही कडवी, खालच्या सुरातली, एक शब्द न चुकता. परत येताना तो खुशीत होता. मागच्या सीटवर अळूच्या पानांत गुंडाळून शिजवलेल्या मटणाचा डबा होता, नारळाच्या दुधाचा वास गाडीभर सुटला होता.

"डोकं बिघडलेल्या माणसाला जमेल का असं गायला? सांग ना!"

लेसिएलीने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "आमच्याकडे एक आजी आहेत. त्यांनाही सगळी कडवी येतात. मुलीचं नाव येत नाही."

"मला म्हातारीच्या पंक्तीला बसवतेस?" तो एवढ्या जोरात ओरडला की त्याचं त्यालाच दचकायला झालं. पूर्वी तो घरी ओरडत नसे. तिनेही पूर्वीसारखा उलटा आवाज चढवला नाही. तिने फक्त गाडी हळू केली, आणि तोमासीला ते जास्त झोंबलं.

पण बायको ती बायको. सोमवारपासून तिने त्याचा सराव घ्यायला सुरुवात केली. न्याहारीला तो अंडी फोडत असताना ती विजेच्या बिलाच्या मागे लिहिलेले दहा शब्द वाचायची. टोपी, शिट्टी, पूल, बोका, असले काहीतरी. मग चहा करायची, हवेविषयी बोलायची, आणि पाच मिनिटांनी म्हणायची, "हं, सांग."

तो सांगायचा. ती बिलावर काहीतरी टिपायची.

"किती?"

"सहा."

"वाईट नाही ना?"

"वाईट नाही."

बुधवारी तो म्हणाला, "आज सोपे काढलेस गं. पूल बील! उद्या जरा अवघड काढ." ती भांडी घासायला वळली. नळ बराच वेळ वाहत राहिला. गुरुवारीही सहाच आले, पण शुक्रवारी आपण बाजी मारणार याविषयी तोमासीच्या मनात काडीची शंका नव्हती.

शुक्रवारी तो नऊ तास झोपून उठला. बिअरला आठवडाभर हात लावला नव्हता. डॉक्टर एलिंगटन बुटक्या, शांत बाई. हस्तांदोलन करताना त्यांचा हात त्याच्या पंजात हरवून गेला. लेसिएली गाडीतच थांबली. चाचणी दोन तास चालली. तोमासीने सगळं केलं जे सात वर्षं केलं नव्हतं: पत्ता दिसला की लगेच दाबलं, आठवलेला एकही शब्द गिळला नाही, आकडे उलटे म्हणताना डोळे मिटून कपाळाला आठ्या घातल्या. शेवटी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण मनात तो नाचत होता. भारी गेली. गार्थचं तोंड बघायला मजा येणार.

"आज मनापासून केलंत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"शप्पथ घेतो. सगळा जीव ओतला."

"मलाही तसंच दिसतंय," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

त्रेपन्न.

तोमासीने आधी पडद्याच्या मागे पाहिलं, जणू खरा आकडा तिकडे असेल. "यंत्र बिघडलंय तुमचं."

"दोन वेळा मोजलंय."

"पुन्हा घ्या. आत्ता घ्या."

"घेईन. पुढच्या महिन्यातही घेईन. पण तुम्ही मैदानावर जाऊ नका, तोमासी. आणखी एक मोसम म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग हळूच म्हणाल्या, "गेल्या जानेवारीत तुम्ही मुद्दाम हळू दाबलं होतं, असं क्लबला सांगितलंत. तेव्हा सत्तावन्न होते."

 पुढचं सांगायची गरज नव्हती, एवढा हिशेब त्याला अजून येत होता. सोंग करून सत्तावन्न. जीव ओतून त्रेपन्न. मग सोंग संपलं कधी? कुठल्या जानेवारीत? तो आठवायला लागला. त्या खोल्या, ते संगणक, बटणावर ठेवलेलं बोट. मनात दोनपर्यंत मोजणं त्याने कधी थांबवलं, ते काही केल्या आठवेना.  भीती वाटली, लहानपणी समुद्रात पायाखालची वाळू सरकल्यावर वाटली होती तशी. आणि वर गार्थचा संताप आला. त्या मेल्याला फक्त कॅपमध्ये जागा हवी होती, आणि तरी त्याचं म्हणणं खरं निघालं.

खाली गाडीत लेसिएली स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. तो शेजारी बसला. दार दोनदा लावावं लागलं.

"काय झालं?"

तोमासीने समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. तोंड उघडलं तेव्हा त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं काय बाहेर येणार ते.

"त्रेपन्न," तो म्हणाला. "मुद्दाम हळू दाबलं. कंटाळा आला गं या खेळाचा. जाऊ दे, येऊ दे त्या पोराला."

लेसिएलीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचा मोठा, सुजलेल्या सांध्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"बरं केलंस," ती म्हणाली.

काहीतरी करायला हवं म्हणून त्याने समोरच्या कप्प्यात खोचलेलं विजेचं बिल उपसलं. आता सराव संपला, फाडून टाकू. त्याने ते उलटं केलं. त्याला वाटलं होतं मागे चाळीस शब्द असतील, चार सकाळींचे. तिथे दहाच होते. टोपीपासून घंटेपर्यंत, एकाखाली एक. शेजारी तिच्या बारीक अक्षरात सोमवार सहा, मंगळवार सहा, बुधवार सहा, गुरुवार सहा.

"रोज नवे काढायचीस ना?" त्याने विचारलं.

लेसिएलीने गाडी सुरू केली. त्याने बिल फाडलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं, आणि घरापर्यंत मनातल्या मनात ते दहा शब्द म्हणत राहिला. दर वेळी सहावर अडकत होता.