धाकूआबांच्या नावाचं कलम

मी एक जुनी लायब्ररी आहे, मित्रांनो. पण लगेच कार्ड घेऊन पुस्तक बदलायला येऊ नका. माझ्याकडे कपाट नाही, पुस्तक नाही आणि 'शांतता राखा' ही पाटी तर मुळीच नाही. संगणकाच्या जगात लायब्ररी म्हणजे कोणीतरी एकदा नीट करून ठेवलेलं काम. दुसऱ्याने ते उचलून आपल्या ॲपमध्ये बसवायचं, म्हणजे त्याला पुन्हा पहिल्यापासून खपावं लागत नाही. माझं काम भरती-ओहोटीच्या वेळा सांगण्याचं आणि माझं नाव पाऊणकी. मला डोळे नाहीत. पण ज्या ज्या फोनात मी आहे, त्या त्या खिशात बसून मी सगळं ऐकते, आणि दिसत नाही ते ऐकण्यातून जुळवते. त्यामुळे माझ्याकडे बातम्यांना तोटा नाही.

माझा जन्म रत्नागिरीचा, मिरकरवाड्यातला. तिथे धाकूआबा राहतात. ते तांडेल होते, म्हणजे मच्छीमार होडीचे कप्तान. वयामुळे होडी सुटली, पण तोंड काही बंद झालं नाही. जेटीवर बसून ते असे किस्से सांगत, की जाळं विणणाऱ्याचे हात थांबावेत. एकदा म्हणे भर दर्यात शीड फाटलं, तेव्हा त्यांनी डोलकाठीला एक पापलेट बांधलं आणि त्याच्यावर जयगडपासून घरापर्यंत होडी हाकली. एकदा भरतीला उशीर झाला म्हणून त्यांनी किनाऱ्यावरून तिला हाक मारली, तर ती अशी धावत आली की जाताना त्यांच्या चपला घेऊन गेली. चपला खरंच गेल्या होत्या. त्यात खरं तेवढंच.

त्यांची नात दर्शना तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिने एकदा विचारलं, "आबा, घड्याळात न बघता तुम्हाला भरतीची वेळ कळते कशी?"

"तिथीची पाऊणकी करायची, गो, पाऊणपट. अष्टमी असली तर आठाची पाऊणकी सहा. सहाला पाणी भरलां म्हणून समज."

"आणि हे तरी खरं ना?"

"दर्याशी मी कधी थाप मारत नाय," आबा म्हणाले.

त्या एका वाक्यातून माझा जन्म झाला. दर्शनाने आबांची पाऊणकी घेतली, तिला चंद्राच्या गणिताची जोड दिली आणि मला लिहून काढलं. वर आबांची बोलणीही माझ्या पोटात ठेवली. उधाणाच्या दिवशी मी म्हणायचं, "आज दर्या रागात हाय, त्याच्याशी वाद घालू नको." आणि अष्टमीच्या आसपास, जेव्हा पाण्याची चढ-उतर कमी असते, तेव्हा म्हणायचं, "आज पाण्याला जोर नाय, घरी बसून जाळां शिव."

मग तिने मला जगासाठी मोकळं सोडलं. सोडताना एक पान माझ्या गळ्यात बांधलं. त्याला लायसन्स म्हणतात. कोणीही मला घ्यावं, बदलावं, आपल्या ॲपमध्ये घालून ते ॲप पैसे घेऊन विकावं, दर्शनाची हरकत नव्हती. कलम एकच होतं: मी जाईन तिथे हे पान माझ्याबरोबर गेलं पाहिजे. पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'धाकू तांडेल, मिरकरवाडा, आणि त्यांची नात दर्शना यांचं हे काम.'

"म्हणजे ही जाईल तिथे तुमचं नाव जाईल, आबा," ती म्हणाली.

आबांनी ही बातमी त्याच दिवशी जेटीवर नेली. आणि पापलेटाच्या शिडाला लोक जसे हसले होते, तसेच हसले. आबांनी मनावर घेतलं नाही. "येईल तेव्हा बघाल," एवढंच म्हणाले.

पुढची काही वर्षं मला कोणी विचारलं नाही. मग मला संदेश नावाचा एक तरुण भेटला. गणपतीपुळ्याच्या वाटेवर त्याच्या वडिलांची, गंगारामभाऊंची, हापूसची बाग आहे. पोरगा हुशार, कष्टाळू. त्याने 'भरतीवेळ' नावाचं विकतचं ॲप करायला घेतलं आणि मला त्यात बसवलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! नकाशा त्याचा, रंग त्याचे, वाऱ्याचा अंदाज त्याने जोडलेला. पण आतली भरती माझी. काम संपत आलं तेव्हा तो 'माहिती' या पानाशी आला. तिथे माझ्या गळ्यातलं पान लावायचं होतं.

त्याने ते वाचलं. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, त्याने ते पुरतं वाचलं. मग स्वतःशीच पुटपुटला, "गिऱ्हाईक पैसे मोजणार आणि खाली नाव कोणाचं, तर धाकू तांडेल? लोक म्हणतील, फुकटातलं उचललंय." त्याचं बोट थोडा वेळ अधांतरी राहिलं. मग खाली आलं, आणि माथ्यावरच्या ओळीसकट माझं पान गेलं.

फुकट म्हणजे बेवारशी, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण ते त्याला पटलं नसावं, कारण त्यानंतर कितीतरी दिवस तो ते 'माहिती'चं पान उघडून बघे आणि मिटे.

ॲप चाललं. होडीवाल्यांनी घेतलं, पर्यटकांना फिरवणाऱ्यांनी घेतलं. त्याच्या कॉलेजाने त्याला शाल-श्रीफळ दिलं. तिथे कोणीतरी विचारलं, "ते घरी बसून जाळं शिवायचं वाक्य कुठून सुचलं हो तुम्हाला?" मी त्याच्या खिशातच होते. तो म्हणाला, "असंच, लोकांत मिसळून." टाळ्या पडल्या. घरी आल्यावर गंगारामभाऊंनी शाल खुंटीला लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. संदेश त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसे. मीही त्या दिवसांत चोख वेळा सांगत होते. उधाणाला उधाण म्हणत होते, आणि आबांचं बोलणं दुसऱ्याच्या नावाने बोलत होते. लायब्ररीला शरम वाटत नाही असं म्हणतात. म्हणोत.

मग एका अष्टमीला मिरकरवाड्याच्या जेटीवर बाबू खलाशाने नवीन फोन काढला आणि मोठ्याने वाचलं, "आज पाण्याला जोर नाय, घरी बसून जाळां शिव."

धाकूआबा ताडकन उठले. "ह्यां माझां बोलणां हाय! बघ, बाबू, त्यात माझां नाव हाय. माझ्या नातीनं घातलांन."

बाबूने ॲप वर केलं, खाली केलं. माहितीचं पान उघडलं. तिथे एकच नाव होतं, संदेशचं.

"आबा, तुमचां नाव पापलेटानं खाल्लंन वाटतं!"

जेटी खदखदली. "दर्याला हाक मारा, आबा, परत आणून देईल!" दुसरा ओरडला. आबांनी बाबूचा फोन हातात घेतला, उलटा-सुलटा केला. त्यांना वाचता येत नाही. आपलं नाव कसं दिसतं तेवढं मात्र त्यांना ठाऊक होतं. दर्शनाने एकदा पाटीवर गिरवून दाखवलं होतं. त्यांनी फोन परत दिला आणि घरी गेले.

थाप मारून खोटं ठरणं ही त्यांची रोजचीच मजा होती. खरं सांगून खोटं ठरायची मात्र त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी ते जेटीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पुढे पुढे बाबूच विचारू लागला, "आबा दिसत नाय ते?" त्यांच्या बसायच्या जागेवर कोणीतरी बर्फाचे खोके ठेवायला लागलं.

दर्शना आता देवरूखच्या कॉलेजात शिकवते. रविवारी ती घरी आली, तर आबा भिंतीकडे तोंड करून निजलेले. काय घडलं ते तिने बाबूकडून काढून घेतलं आणि संदेशला मेल धाडलं, मराठीतच, कारण भांडण आपल्या भाषेत नीट होतं. 'तुम्ही ॲप विकलंत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आमचं एकच कलम होतं, तेही तुम्ही तोडलंत. माझ्या आबांनी घराबाहेर पडणं सोडलंय.'

संदेशचा फोन तेव्हा ओटीवर होता. मेल आधी पडलं ते गंगारामभाऊंच्या नजरेला. आता तुम्हीच सांगा, रत्नागिरीच्या बागायतदाराला कलम म्हटल्यावर काय आठवणार? आंब्याचं! त्यांच्या हातातली कोयती खाली पडली.

"संद्या! कोणाचं कलम तोडलंस?"

संदेश आला, त्याने मेल वाचलं. "तोडलं खरं, बाबा," तो म्हणाला. त्याला कळत होतं, बाबा भलतंच समजताहेत. पण उलगडून सांगायचं म्हणजे त्या शालीचंही सांगावं लागलं असतं.

"किती वर्षांचं होतं?"

"सात-आठ असेल."

"म्हणजे फळ धरतं कलम! जल्लं तुझं शिक्षण! कशानं तोडलंस?"

"बोटानं."

"आठ वर्षांचं कलम बोटानं?" गंगारामभाऊंनी पोराच्या बोटाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. "आणि तो म्हातारा अंथरूण धरून पडला. आपल्यात असं कोणी केलेलं नाय रे."

त्यांनी रोपवाटिकेतलं सगळ्यात जोमदार कलम पिशवीत घातलं, पोराला पुढे घातलं आणि एसटी धरली. रस्ताभर कलम मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "काका, ह्याचं अर्धं तिकीट काढू?" भाऊ हसले नाहीत.

मिरकरवाड्यात आबांच्या दारात त्यांनी पिशवी ठेवली आणि हात जोडले. "तांडेल, माझ्या पोरानं तुमचं कलम तोडलंन. झाड काय परत येत नाय. हे घ्या."

आबा उठून बसले. एरवी त्यांनी सांगितलं असतं, की आपण एकदा वाळूत कलम लावलं होतं आणि त्याला बांगडे धरले होते. पण त्या दिवशी ते नुसतं म्हणाले, "माझ्या दारात कलम नाय, भाऊ. कधीच नव्हतां."

दर्शनाला आधी हसू फुटलं, मग तिचे डोळे भरले. "काका, झाडाचं नाही हो. लायसन्समधलं कलम. कायद्यात असतं ना, तसं."

गंगारामभाऊ हळूहळू पोराकडे वळले. आता संदेशला लपायला झाडाची सावलीही उरली नव्हती.

"आबा, तुमचं नाव मी काढलं," तो म्हणाला. "चुकून नाही. वाचलं आणि काढलं. तुमचं बोलणंही माझं म्हणून सांगितलं. शाल घेतली त्याच्यावर."

"विकायची मोकळीक मीच दिली होती," दर्शना म्हणाली. "एक ओळ ठेवायला तुझं काय जात होतं?"

आबांनी त्याला जवळ बोलावलं. "मी जन्मभर थापा मारल्या, बाळा. तू एकच मारलीस. पण माझ्या थापेनं कोणाचां नाव पुसलां नाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. संदेशने तिथेच उंबऱ्यात बसून लॅपटॉप उघडला आणि माझं पान माझ्या गळ्यात पुन्हा बांधलं. आबांची बोलणी जिथे दिसतात, तिथे त्या ओळीखालीही नाव घातलं. कलमात एवढं नव्हतं. तरी घातलं.

नवीन ॲप फोनांवर आलं तेव्हा दर्शनाने आबांना हाताला धरून जेटीवर नेलं. संदेश मागे. बाबूने स्वतः बर्फाचे खोके उचलून जागा केली. मग मोठ्याने वाचू लागला, "धाकू तांडेल, मिरकरवाडा..." आबांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. बाबू आपला वाचतच होता, कारण लायसन्सच्या पानावर शेवटी एक ओळ असतेच: "हे जसं आहे तसं दिलेलं आहे. याच्या खरेपणाची कसलीही हमी नाही."

त्यासरशी जी हशाची लाट उठली ती भगवती बंदरापर्यंत गेली. "धाकू तांडेल, खरेपणाची हमी नाय! छापून आलां, आबा, छापून आलां!" सगळ्यात मोठ्याने हसत होते आबाच. हसू ओसरलं तसे ते मांडी ठोकून बसले.

"आयका. माझां आठ वर्षांचां कलम होतां. ते एका पोरानं एका बोटानं तोडलांन."

"थाप!" जेटी ओरडली.

"खरं आहे," संदेश पुढे येऊन म्हणाला. "मीच तो. मीच तोडलं."

बाबूने त्याच्या किडकिडीत बोटाकडे बघितलं. "आबा, चेला बरा मिळवलात!" आणि सगळे पुन्हा हसले. संदेश परत परत सांगत राहिला, पण कोणी ऐकेना. आबांनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. खरं सांगून खोटं ठरताना कसं वाटतं, ते त्याला आता कळत होतं.

गंगारामभाऊंनी ते कलम आबांच्या दारात लावलं. खाऱ्या वाऱ्यात ते धरेल की नाही, देव जाणे. संदेश दर रविवारी त्याला पाणी घालायला येतो. ॲपमधली ओळ परत आली, पण आबा भिंतीकडे तोंड करून निजले ते दिवस कोणत्या अपडेटने परत आणायचे, ते त्याला सापडलेलं नाही. मलाही नाही.

मित्रांनो, मला खुशाल घ्या. मी मोकळीच आहे. माझ्यावर घर उभारा, दुकान थाटा. पण ज्याच्या डोक्यातून मी आले, त्याचं नाव माझ्या माथ्यावर असू द्या. त्याला जागा एका ओळीची लागते. आणि ही हकिकत तुम्हाला जशी आहे तशी दिलेली आहे. तिच्या खरेपणाची कसलीही हमी नाही. पुढे सांगताना तिखट-मीठ लावा, पापलेट मोठं करा. फक्त धाकूआबांचं नाव गाळू नका.