दोनशेच्या लेन्समधली मोर्शेदा

गेल्या वर्षी मिरपूरला माझी रिक्षा उलटली आणि उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला आणि बजावलं, "वर्षभर पिशवी नाही. एक कॅमेरा, एक लेन्स. जमत नसेल तर घरी बसा."

पंधरा वर्षं मी ढाक्याच्या एका दैनिकासाठी फोटो काढते आहे. तीन-तीन लेन्सा खांद्याला लावून फिरायची सवय. आता त्यातली एकच ठेवायची म्हणजे कुठली? मी कुद्दुसभाईंच्या दुकानात गेले. माझे कॅमेरे तेच दुरुस्त करतात.

"रेहनुमा, मला काय विचारतेस? तुझ्या फोटोंना विचार," ते म्हणाले. "वर्षातले चांगले चाळीस निवड. कुठल्या लेन्सने काढलेस ते बघ."

तिथेच बसून पाहिलं. चाळीसपैकी एकतीस फोटो सत्तर-दोनशे मिलिमीटरच्या, दूरचं जवळ आणणाऱ्या लांब लेन्सचे, तेही बहुतेक पार दोनशेवर नेऊन काढलेले. लांब उभं राहायचं, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही आणि चेहरा टिपायचा, हीच माझी पद्धत. माणसांच्या जवळ जायला मी पहिल्यापासून बुजते. पस्तीसच्या छोट्या लेन्सने काढलेले फोटो जेमतेम चार निघाले.

"मग झालं की," कुद्दुसभाई म्हणाले. "फक्त ही धोंड आहे. खांद्याला विचारलंस का?"

"कॅमेरा तिपाईवर लावीन," मी म्हटलं आणि लांब लेन्सच निवडली.

भाद्रपदात पद्मा नदी शालुकखाली गावाचा काठ खायला लागली. मी बांधावर तिपाई लावली. खाली लोक घरांचे पत्रे उतरवून ओढून नेत होते. पाण्याचा आवाज एवढा की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळेना. तेवढ्यात एक बाई दिसली. पदर खांद्यावरून घसरलेला, तोंड उघडं, हात पुढे केलेला. मी सहा फोटो घेतले. त्यातला चौथा पहिल्या पानावर छापून आला. खाली ओळ होती: 'घर नदीत गेल्यावर आक्रोश करणारी स्त्री.' थंडीत त्याला बक्षीस मिळालं.

बक्षीस मिळाल्यावर वाटलं, त्या बाईला एक प्रत द्यावी. विचारत विचारत तिच्यापर्यंत पोचले. मोर्शेदा तिचं नाव. बांधावरच पत्र्याच्या आडोशाला राहत होती. तिने मला वेताच्या मोढ्यावर बसवलं, वाटीत मुडी, म्हणजे कुरमुरे, आणि गूळ दिला. मग फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आपा, हे खाली कुणी लिहिलं?"

"ऑफिसात लिहितात. पण मीच सांगितलं होतं."

"घर तर तेव्हा उभं होतं."

ती बोट ठेवून दाखवायला लागली. "इथे, या कडेच्या बाहेर, माझं दार. दारात माझा दीर. त्याच्या हातात माझं शिलाईचं मशीन, लोखंडी पायांसकट. उंबऱ्यात अडकलेलं. आम्हा दोघांच्यानं हलेना. मी रडत नव्हते हो. हाका मारत होते. कुणीतरी या, हात लावा म्हणून."

"मला ऐकू आलं नाही, मोर्शेदा."

"कसं येणार? सासू म्हणाली, बांधावर कोण बाई उभी आहे, तिला बोलाव. मी म्हटलं, सरकारची असेल, नदी मोजत असेल." ती हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "मशीन गेलं. दीर उडी मारून निघाला, म्हणून वाचला."

माझा खांदा अधू होता, मला उचलता आलं नसतं, असं मी सांगून टाकलं. सांगताना माझीच मला लाज वाटली.

"तुम्हाला उचलता आलं नसतं," ती म्हणाली, "पण बांधावर वीस माणसं होती. त्यांना हाक मारता आली असती."

"मी नवीन मशीन—"

"मशीन नको. खालचं वाक्य बदला. माहेरी सगळे विचारतात, एवढी का रडलीस म्हणून." तिने फोटो परत माझ्या हातात दिला.

ढाक्याला आल्यावर मी फोटो-संपादक तौफिकभाईंकडे गेले. ते खुर्चीत मागे रेलले. "बक्षीस मिळालेल्या फोटोची चूक आपणच छापायची? लोक काय म्हणतील?"

"खरं छापतात, असं म्हणतील."

"आणि तुझं काय होईल?"

मी हटले नाही. शेवटी सातव्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींच्या खाली, दुरुस्तीच्या दोन ओळी आल्या. ते कात्रण मी मोर्शेदाला पाठवलं. उत्तर आलं नाही. बक्षीस देणाऱ्यांना पत्र लिहिलं, त्यांचंही आलं नाही.

मी लांब लेन्स कपाटात ठेवली आणि कॅमेऱ्याला पस्तीसची लावली. तिच्यातून चेहरा हवा तर चार हातांवर जावं लागतं, आणि चेहऱ्यामागचं दारही आपोआप येतं. पण चार हातांवरची माणसं माझ्याकडेच बघायला लागली. ताठ व्हायची, पदर सारखा करायची. तौफिकभाई फोटो बाजूला सारायचे. "हे काय, लग्नातले आहेत का?" या भाद्रपदात त्यांनी नदीवर दुसऱ्यालाच पाठवलं.

मी रजा काढून गेले. शालुकखालीच्या पुढच्या पाड्यात एक म्हातारा एकटाच घराचा पत्रा सोडवत होता. मी अंगणात उभी राहिले. त्याची बोटं, गंजलेला खिळा, मागे पिवळं पाणी, सगळं एका चौकटीत. कॅमेरा डोळ्याला लावला तोच तो ओरडला, "ए आपा, बघतेस काय! कोपरा धर!"

मी धरला, डाव्या हाताने. पत्रा निघाला, आम्ही तो ओढत बांधापर्यंत नेला, कोंबड्यांची पाटी नेली. तिसऱ्या खेपेला निघालो, तेव्हा अंगण नव्हतं.

म्हातारा खाली बसून खोकत राहिला. माझ्या गळ्यात कॅमेरा होता, प्रकाशही चांगला होता. मी त्याला पाणी दिलं आणि त्याच्या शेजारी बसले. फोटो काढावा असं सारखं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचा रागही येत होता.