उड्या मारणाऱ्या मढ्यांची सीडी

मी एक सीडी. चपटी, मधे भोक असलेली, एका अंगानं चकचकीत. माझ्या पोटात भजन न्हाय, की कुणाच्या लग्नाचं शूटिंग न्हाय. माझ्या पोटात चिनी मढी आहेत. हात समोर ताठ करून, दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारणारी.

अणदूरच्या खंडोबाच्या यात्रेत मी एका हातगाड्यावर उताणी पडले होते. किराणा दुकानवाले बंडप्पा तिथं थांबले. माझ्या कव्हरावर पिवळी कफनी घातलेला, लाकडी तलवार धरलेला एक दाढीवाला बुवा होता, पुढ्यात उदबत्त्यांचा धूर. बंडप्पांना वाटलं, कुठल्यातरी मठाचे स्वामी असतील, त्यांचं चरित्र असेल. बायकोला, नीलम्माला आवडेल म्हणून त्यांनी मला घरी आणलं.

नीलम्मा हातपाय धुऊन, टीव्हीपुढं उदबत्ती लावून, डोक्यावर पदर घेऊन बसली. मी फिरायला लागले. स्वामी आले, हिंदीत बोलले. नीलम्मानं हात जोडले. तेवढ्यात त्यांच्यापुढच्या मढ्याच्या पेटीचं झाकण उडालं आणि आतलं मढं धाडदिशी पुढं आलं.

"अव्वा गं!" नीलम्मा ओरडली. "अवो, ह्ये कुठलं चरित्र म्हणायचं?"

"चीनचं असंल," बंडप्पा म्हणाले. "तिकडचे स्वामी जरा येगळे असत्यात."

तेव्हापासून त्या घरात माझा मुक्काम पडला, तो टीव्हीशेजारच्या कोनाड्यात. माझी गोष्ट सोपी आहे. स्वामी मढ्याच्या कपाळाला पिवळा कागद चिकटवतात, की मढं जागच्या जागी उभं राहतं. कागद निघाला, की पुन्हा उड्या. मढ्याला दिसत नाही, ते माणसाला श्वासावरनं हुडकतं, म्हणून सगळे श्वास धरून बसतात. आणि नेमका तेव्हाच स्वामींचा येडा शिष्य शिंकतो, कागद उडतो, मग लाथा, कोलांट्या, फुटलेली मडकी. भीती घशात असतानाच हसू फुटायचं. भ्यायचं की हसायचं, हे कुणाला ठरवताच यायचं नाही.

बंडप्पांची नात शिवप्रिया तर बघता बघता गाल फुगवून बसायची. "अज्जा, श्वास धरा, श्वास धरा!"

बंडप्पांना जुना दमा. छाती भात्यासारखी वाजायची. "माझा कुठला धरतोय, पोरी. मला तर पयलंच गाठंल त्यो!"

आणि मग आजा-नात दोघं लोळून हसायचे. हसता हसता बंडप्पांना खोकला लागायचा, नीलम्मा पाणी घेऊन धावायची आणि मलाच शिव्या द्यायची.

पुढच्या थंडीत त्या दम्यानं बंडप्पांना नेलं.

त्यांच्या लिंगायत घरात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. बसवतात. बंडप्पांना मांडी घालून भिंतीशी बसवलं, डोक्याला पटका बांधला, हातात इष्टलिंग दिलं, गळ्यात हार घातले. गावातले स्वामी आले, त्यांनी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. बाया रडत होत्या, दारात भजन चाललं होतं. मी कोनाड्यातनं बघत होते.

शिवप्रियाही बघत होती. स्वामी आले. कपाळाला काहीतरी लावलं. अज्जा हलेनात.

ती उठली, अज्जाच्या मांडीवर चढली आणि फ्रॉकच्या कडेनं सगळी विभूती खसाखसा पुसून काढली.

भजन थांबलं. तिचा बाप शिवानंद धावला, त्यानं तिचं मनगट धरलं. "अगं, काय केलंस ह्ये!"

"कागद काढलाय," ती म्हणाली. "आता उठत्याल."

आणि गाल फुगवून वाट बघत बसली.

शिवानंदाच्या ध्यानात आलं. तो सरळ माझ्याकडं आला. "ह्या थेरांनीच पोरगी येडी केलीया!" दोन्ही हातांनी त्यानं मला वाकवलं. माझ्या कडेला चीर गेली.

"ठेव ती," नीलम्मा बसल्या जागेवरनं म्हणाली. "शिवानंदा, ठेव म्हणते ना. तिला अज्जा पायजे. तुला नको व्हय?"

त्याचे हात सुटले. मला तशीच कोनाड्यात टाकून तो भिंतीकडं तोंड करून रडला.

स्वामींनी विभूतीचं ताट पुढं केलं. नीलम्मानं नातीला जवळ ओढलं. "तू पुसलीस, तूच लाव."

पोरीनं मुठी आवळल्या. "मी न्हाय. लावली की उठायचे न्हाईत."

"पोरी, ते सिनेमातले उभे असत्यात, म्हणून उड्या मारत्यात. तुझा अज्जा बसलाय. बघ बरं, छाती वाजतीया का?"

शिवप्रियानं अज्जाच्या छातीला कान लावला. बराच वेळ. मग न्हाय म्हणून मान हलवली.

"जन्मभर दम लागला त्येला. आता बसलाय निवांत. बसू दे."

पोरीनं तीन बोटं ताटात बुडवली. पट्टे वाकडे आले. स्वामींनी ते तसेच ठेवले.

पुढं त्या घरात कुणी हसलं, की शिवप्रिया उठून बाहेर जायची. माझ्याकडं तर बघायचीही नाही. एका दुपारी नीलम्मानंच मला काढलं, पदरानं पुसलं आणि मशीनमध्ये घातलं. चिरेपाशी मी अडखळले, पण फिरले. पोर पाठ करून बसली. शिष्य शिंकला. नीलम्मा हसली, डोळ्यातनं पाणी आणि तोंडानं हसू. "अज्जा असते तर म्हणाले असते, ह्याला आपल्या मिरचीच्या पोत्यापाशी बसवा."

"न्हाय," पोर तिकडंच तोंड करून म्हणाली. "ते असं म्हणायचे, ह्येला..." आणि तिनं अज्जाचा घोगरा आवाज काढला, खोकल्यासकट. मग स्वतःच दचकली. आणि खुदकन हसली. दोघी इतक्या हसल्या, की शिवानंद दुकानातनं धावत आला आणि दारातच उभा राहिला. मग तिथंच उंबऱ्यावर बसून तोही बघायला लागला.

आता ते मशीन भंगारात गेलं. मी नीलम्माच्या ट्रंकेत लुगड्यांखाली आहे. माझी चीर वाढलीया, मी परत फिरेन असं वाटत नाही. जाता जाता एवढंच सांगते. घरातनं माणूस गेलं, तरी लेकराला हसू द्या. गेलेल्याला त्याचा राग येत नाही. मी मढ्यांचीच सीडी आहे, मला ठाऊक आहे.